दिमतीस दोनशे

मार्तंडराव तितरमारे नागपुरात तारबाबू होते, आणि आपल्या आडनावाखेरीज जगात त्यांना कशाचीही लाज वाटत नव्हती. नोकरी सरकारी, घर महाल भागात स्वतःचं, बायको सुभद्रा हाताला चव असलेली, मुलगी प्रेमिला मॅट्रिक पास. सगळं कसं जागच्या जागी. पण रेशनच्या दुकानात कारकुनानं "तितरमारे!" अशी आरोळी ठोकली की सगळी रांग मान वळवून पाहायची आणि एखादा तरी विचारायचाच, "काहो, आजकाल भेटते का तितर?" मार्तंडराव कसनुसं हसत. पूर्वजांपैकी कुणी तितर मारला असेल तर मारो बापडा, पण त्याचा एवढा बोभाटा करायची काय गरज होती, असं त्यांना मनापासून वाटे.

कामात मात्र माणूस बावनकशी. तारेची खटखट कानावर पडली की हात आपोआप कागदावर चाले. वीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या तारेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. शब्द नीट ऐकू आला नाही तर पलीकडच्या बाबूला तो पुन्हा पाठवायला सांगायचा. याला तारघरात 'रिपीट मागणं' म्हणत. नवीन बाबूंना रिपीट मागायची लाज वाटे. मार्तंडराव त्यांना झापत, "लाज काहून वाटते गा? 'बाप आला'चं 'बाप गेला' झालं, तर तू जाशील का तिकडं रडाले?"

दुपारी दोन ते तीन तारांची गर्दी ओसरे. त्या तासात लाइनीवरचे बाबू आपसांत गप्पा मारत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी-हिंदीची खिचडी. १९६६ साली एका दुपारी सौसरहून शालिकराम कोहळे नावाच्या बाबूनं विचारलं, "माझ्या आजोबाचा भाऊ नागपूरला गिरणीत गेला, तो गेलाच. त्याचं घर शोधता का?" मार्तंडराव रविवारी सायकल काढून निघाले. चार रविवार त्यांनी गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि गोळीबार चौकात पंक्चर काढत बसलेला एक पोरगेला गृहस्थ त्या गेलेल्या आजोबाचा नातू निघाला. सोमवारी दोन वाजता ही बातमी सौसरला गेली. पलीकडून आलं, "बाबूजी, मी रडून राहिलो."

तिथून नाद लागला. तू माझ्या गावचे मेलेले शोध, मी तुझ्या गावचे शोधतो, असा करार झाला. लाइनीवर कान असणारे आणखी दोघं आपणहून सामील झाले, उमरेडचा गिरिधर आणि आर्वीचा धोंडबा. चौघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओळख फक्त हाताची. गिरिधरचा हात धांदरट. शालिकरामचा इतका सावकाश, की प्रत्येक शब्दानंतर हा मनुष्य उठून पान थुंकून येतो की काय, असं वाटावं. गिरिधरनं तीन महिन्यांत चौदा पिढ्या हुडकून काढल्या आणि त्या चौदाही पिढ्या सज्जन निघाल्या. धोंडबा आजोबापाशीच अडकला, कारण आजोबांची दोन गावांत दोन नावं होती आणि दोन्ही नावांना एकेक बायको होती. कुणाचा खापरपणजा सापडला की चारी तारघरांत आनंदीआनंद होई. मार्तंडरावांचे सासरे त्याच सुमारास चार दिवस मुक्कामाला येऊन गेले. त्यांना जावयानं "कधी आले?" असं विचारलं ते ते निघताना.

मार्तंडरावांचं स्वतःचं घोडं मात्र पणजोबापाशी थांबलं होतं. घराणं सौसरकडून नागपुरात आलं, एवढंच ठाऊक. मग १९६९च्या मे महिन्यात शालिकरामला सावळधरा नावाच्या खेड्यात, जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी, मोडी कागदांचं एक बोचकं सापडलं. मोडी वाचणारा एक म्हातारा गाठून त्यानं वाचून घेतलं आणि सोमवारी दुपारी लाइनीवर आला.

"सापडला. रामाजी तितरमारे. भोसल्यांच्या स्वारीसोबत पूर्वेकडे रवाना. दिमतीस दोनशे"

आणि लाइन मेली.

बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं. कुठंतरी खांब पडला. मार्तंडरावांनी तारयंत्राचा खटका बडवून पाहिला, पलीकडे काही नाही. समोर कागदावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, दिमतीस दोनशे. म्हणजे हाताखाली दोनशे. स्वारीत माणसाच्या हाताखाली दोनशे काय असतं? मार्तंडरावांनी इकडे तिकडे पाहिलं, पेन्सिल ओली केली आणि पुढं एक शब्द लिहिला : घोडेस्वार.

लाइन दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी शालिकरामनं उरलेलं पाठवलं. त्याच्या मते आधीचं सगळं पोचलं होतं. "पैकी एकही परत नाही. रामाजी एकटा परत."

मार्तंडरावांनी दोन्ही ओळी जोडून वाचल्या. दोनशे गेले आणि एकही परत नाही! 'रिपीट' मागायचा तर हीच वेळ होती. बोटं खटक्यावर गेलीसुद्धा. मग ती तिथून उचलून त्यांनी चष्मा पुसला, आणि पलीकडे फक्त "उपकार झाले" एवढंच पाठवलं. पुढच्या महिन्यात शालिकरामची बदली बालाघाटकडे झाली. ती लाइन मार्तंडरावांच्या टेबलावर येत नसे. वर्षाला दिवाळीचं एक कार्ड तेवढं राहिलं. कागदाची नक्कल मागवायचं दर वेळी राहूनच जाई.

ही बातमी घरात ठेवण्यासारखी नव्हती. गांधीबागेत आनंदराव तितरमारे यांची लुगड्यांची मोठी पेढी होती. आनंदराव आडनाव बदलायच्या बेतात होते, गॅझेटात द्यायचा मजकूरही तयार होता. मार्तंडरावांनी त्यांना कागद दाखवला. आनंदरावांनी तो दोनदा वाचला, गादीवरून उठले आणि नोकराला म्हणाले, "आज दुकान बंद कर."

महिन्याभरात तितरमारे कुलमंडळ स्थापन झालं. अध्यक्ष आनंदराव, चिटणीस मार्तंडराव. रुपराव तितरमारे नावाचे एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्याकडे संशोधन आलं. पहिल्याच सभेत त्यांनी आडनावाचा निकाल लावला. "तितर हा पक्षी नव्हेच," ते म्हणाले. "स्वारीत शत्रू अंगावर आला. सगळे पळाले. रामाजीरावांनी एकट्यानं बाण सोडले. ते पाहून सेनापती उद्गारले, 'हा तीर तर मारे!' त्याचंच पुढं तितरमारे झालं." सेनापती अशी विचित्र मराठी का बोलले असतील, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या फार वाजल्या होत्या.

सीताबर्डीला सिनेमाचे बोर्ड रंगवणारा एक पेंटर गाठून रामाजीरावांचं सहा फुटी चित्र करवून घेतलं. पांढरा घोडा, उपसलेली तलवार, मागे धूळ. चेहरा कसा होता हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे वर्गणी ज्यांनी जास्त दिली त्यांचा काढला. आनंदराव मिशा ठेवत नसत. चित्र पाहिल्यावर त्यांनी ठेवायला सुरुवात केली.

सुभद्रानं ते चित्र पाहिलं आणि म्हणाली, "काहो, दोनशे मानसं मेले अन हा एकटा वापस आला, त्याचं असं चित्र काढतेत का? आमच्या गावाकडं अशा मानसाले पळपुटा म्हनतेत."

"तुले इतिहास समजत नाही वं," मार्तंडराव म्हणाले. पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही.

घराण्याची उंची वाढली तसा कुळाचा ताठाही वाढला. आनंदरावांनी पुतणीसाठी आलेलं वर्ध्याचं एक चांगलं स्थळ परत पाठवलं, कारण मुलाचे पूर्वज पायदळात होते असं कळलं. पुतणी तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी रुपराव हेडमास्तरांनी तिला घोडदळ आणि पायदळ यांतला फरक समजावून सांगितला.

१९७३च्या डिसेंबरात रामाजीरावांच्या पुण्यतिथीचा तिसरा सोहळा ठरला. मूळ शोध लावणाऱ्या शालिकराम कोहळ्यांचा सत्कार करायचा, असा ठराव झाला. कार्ड गेलं. तीन दिवसांत उत्तर आलं, येतो.

सोहळ्याच्या दिवशी सकाळीच छिंदवाड्याकडच्या छोट्या गाडीनं शालिकराम उतरला. सात वर्षांची ओळख, पण स्टेशनवर मार्तंडराव भलत्याच माणसाला हार घालायला निघाले होते. तेवढ्यात चहाच्या टपरीशी उभा असलेला एक हडकुळा, टोपीवाला इसम टेबलावर बोटानं सावकाश ठक, ठकठक करताना त्यांना दिसला. मध्ये तो थांबे, बाजूला जाऊन पान थुंके, परत येऊन ठकठक सुरू. मार्तंडराव धावत गेले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि मग काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. तोंडानं बोलायची सवयच नव्हती.

तिथून थेट हॉलवर. शालिकरामनं चित्रासमोर उभं राहून ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे वळून विचारलं, "हा कोन आहे?"

"रामाजीराव."

"अन घोडा कोनाचा?"

"त्यायचाच."

शालिकराम आणखी वाकून पाहू लागला. घोड्याच्या पायांमध्ये, धुळीच्या मागे, तो काहीतरी शोधत होता. "मंग बकऱ्या कुठं हायेत?"

"कोनत्या बकऱ्या?"

"अहो बाबूजी, दोनशे बकऱ्या!" त्यानं पिशवीतून कागद काढला. "दिमतीस दोनशे बकऱ्या, लष्कराच्या पोटास. पैकी एकही परत नाही. खाल्ल्या ना सगळ्या. परत कुठून येतीन?"

मार्तंडरावांनी कागद हातात घेतला. मोडी त्यांना येत नव्हती, पण खाली त्या म्हाताऱ्यानं बालबोधीत लिहून दिलेलं स्पष्ट होतं. ते खुर्चीवर बसले. दोनशे वीरांसाठी त्यांनी वर्षातून एक उपास धरला होता. तीन वर्षं ते बकऱ्यांसाठी उपाशी राहिले होते.

"तुमाले पोचलं नवतं का?" शालिकराम हळूच म्हणाला. "मंग रिपीट काहून नाही मागितला?"

मार्तंडरावांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

हॉल भरला. आनंदरावांचं भाषण झालं. मिशा आता चांगल्याच दाट झाल्या होत्या. मग चिटणिसांचं निवेदन. मार्तंडराव उठले, माईकला धरून उभे राहिले. पुढच्या रांगेत सुभद्रा आणि प्रेमिला बसल्या होत्या. हॉलच्या मागच्या अंगणात सावजी आचाऱ्यानं मटणाची भगोणी चढवली होती, आणि मसाल्याच्या वासानं पाठीमागच्या दोन रांगा आधीच अस्वस्थ होत्या.

"मी आयुष्यभर लोकांच्या तारा घेतल्या," मार्तंडराव म्हणाले. "कोनाच्या तारेत एक शब्द घातला नाही. आपल्या घरच्या तारेत मात्र घातला. घोडेस्वार हा शब्द माझा आहे. कागदात बकऱ्या आहेत. रामाजीराव लष्कराच्या बकऱ्या हाकत होते. मले पुन्हा विचारता येत होतं. मी विचारलं नाही, कारण मले घोडेस्वार पाहिजे होते. माफी मागतो."

मागच्या अंगणातला झारा तेवढा वाजत होता. आनंदरावांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. कुणीतरी खुर्ची सरकवली. आता हार आपल्या गळ्यात पडतो की चप्पल, याचा मार्तंडरावांना अंदाज येईना. दोन्हीची त्यांनी तयारी केली होती.

तेवढ्यात रुपराव हेडमास्तर उठले. मास्तरांनी पस्तीस वर्षं शिकवलं होतं, आणि वर्गात अडचणीचा प्रश्न आला म्हणून ते कधी थांबले नव्हते.

"चिटणिसांनी अत्यंत मोलाची माहिती उजेडात आणली आहे," ते म्हणाले. "बकरी! सज्जनहो, लष्करी कागदपत्र शत्रूच्या हाती पडत असत. मग त्यात उघडउघड घोडेस्वार असं कोण लिहील? बकरी हा सांकेतिक शब्द आहे!"

मग आनंदरावांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. पाच मिनिटं टाळ्या चालल्या. "लष्कराच्या पोटास" म्हणजे लष्कराच्या मध्यभागी, असंही मास्तरांनी जाता जाता उलगडून दाखवलं. शालिकरामला शाल आणि नारळ मिळाला. मार्तंडरावांच्या गळ्यात दोन हार पडले, आणि ते एकसारखे "अहो, ऐका तर" म्हणत असताना सगळे पंगतीला गेले. मटण फार उत्तम झालं होतं. शालिकरामनं दोनदा घेतलं. मार्तंडरावांनी फक्त भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिटणीसपदाचा राजीनामा लिहिला. तो प्रकृतीच्या कारणास्तव मंजूर झाला.

संक्रांतीनंतर त्यांनी रजा टाकली आणि शालिकरामला घेऊन सावळधऱ्याला गेले. कागद पाहून झाला होता. आता त्यांना माणसं पाहायची होती. छोटी गाडी, मग बस, मग अडीच मैल पायी. गावात तितरमाऱ्यांचं एकच घर उरलं होतं. अंगणात बायजाबाई नावाची ऐंशीच्या पुढची म्हातारी बसली होती, दावणीला दोन बकऱ्या होत्या.

"कोनाचे म्हनता?" तिनं विचारलं.

"रामाजी तितरमाऱ्याच्या घरचे. नागपूरचे," मार्तंडराव मोठ्यानं म्हणाले.

म्हातारीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीमागच्या रस्त्याकडे पाहिलं. "आन बकऱ्या?"

शालिकरामला हसू आवरेना. म्हातारी मात्र हसत नव्हती. दीडदोनशे वर्षांमागची गोष्ट ती मागच्या उन्हाळ्यातली असावी तशी सांगू लागली. हे तिला तिच्या आजेसासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं.

"बकऱ्या काई त्याच्या नवत्या बापा. गावच्या होत्या. सरकारच्या मानसानं घराघरातून ओढून नेल्या, कोनाच्या दोन, कोनाच्या चार. हाकाले पाहिजे कोनी, म्हून रामाजीले धरलं. जाताना सांगून गेला, साऱ्या वापस आनतो. त्याले तरी काय मालूम? मंग वर्साभरानं एकटा आला. गावात पाय ठेवाची हिंमत नाही झाली. तीन दिवस शिवंवर बसून होता म्हनते. कोनी हाक मारली नाही."

"मग?"

"बायको भाकर घेऊन जाये रोज. चौथ्या दिवशी ती बी नाही आली वापस. दोघं बी नागपूरच्या रस्त्यानं गेले."

"आणि तितर?" मार्तंडरावांना राहवेना. "तितर त्यानंच मारला होता का?"

"त्याच्यानं चिलट मरे ना," म्हातारी म्हणाली. "बापानं मारला असन."

चहा झाला. निघताना मार्तंडराव शिवेपाशी थांबले. तिथं एक पडकी विहीर होती, बोरीची दोन झाडं होती, बाकी काही नव्हतं. एका झाडाखाली ते बराच वेळ उभे राहिले. तीन वर्षं त्यांनी रामाजीची पुण्यतिथी केली होती, पण त्या माणसाचं त्यांना वाईट असं आत्ता पहिल्यांदाच वाटलं. शालिकराम घाई न करता बाजूला पान लावत बसला.

परत आल्यावर त्यांनी सगळं एका जाड वहीत नीट उतरवलं आणि एक प्रत कुलमंडळाला पाठवली. उत्तर आलं, 'आपला मजकूर विचाराधीन आहे.' तो पुढं बरीच वर्षं विचाराधीन राहिला. त्या जागी रुपरावांची पुस्तिका निघाली, 'बकरी : एक लष्करी संकेत'. तिच्या दोन आवृत्त्या संपल्या.

पुढं सौसरच्या लाइनीवर टेलिप्रिंटर आला, खटका गेला. चौघांचं सगळं कार्डांवर आलं. गिरिधर एकविसाव्या पिढीपर्यंत पोचला. धोंडबाला आजोबांची तिसरी बायको सापडली. प्रेमिलाचं लग्न झालं. जावयाचे पूर्वज काय करत होते, हे मार्तंडरावांनी विचारलंच नाही.

१९८१मध्ये मार्तंडराव निवृत्त झाले. त्याच वर्षी एका सकाळी आनंदराव सायकलरिक्षातून त्यांच्या दारात उतरले. थकले होते. मिशा पिकल्या होत्या. मुलासाठी सौसरकडची मुलगी पाहिली होती, आणि मुलीकडच्यांनी विचारलं होतं, तुमचे मूळ लोक कोणते, काही जुनं नातं तर निघत नाही?

"मंडळाची वंशावळ आहे ना तुमच्यापाशी," मार्तंडराव म्हणाले.

"ते ठीक आहे," आनंदराव इकडे तिकडे पाहत म्हणाले. "पण हे लग्नाचं काम आहे. खरं पाहा लागते."

मार्तंडरावांनी वही काढली. नातं काही निघत नव्हतं. आनंदरावांचं काम झालं होतं, पण ते उठेनात. पानं उलटता उलटता ते शिवेच्या हकिकतीपाशी आले आणि सावकाश, ओठ हलवत वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी वही मांडीवर तशीच ठेवली.

"तीन दिवस बसला होता?"

"असं म्हणतात."

सुभद्रा चहा घेऊन आली होती. कपबशी ठेवत ती म्हणाली, "जी भाकर नेऊन देत होती तिचं नाव काय होतं?"

मार्तंडरावांनी आनंदरावांच्या मांडीवरची वही घेऊन पानं उलटली. सात वर्षं ती वही घरात होती. वहीत रामाजी होता, त्याचा बाप होता, आजा होता, मालगुजाराचं नाव होतं, मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्याचंसुद्धा होतं.

मार्तंडरावांनी त्याच दुपारी शालिकरामला कार्ड टाकलं. शालिकरामही निवृत्त होऊन सौसरलाच राहत होता. बायजाबाई गेली होती, पण तिच्या सुनेला ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : भागीरथा.

वहीत रामाजीच्या नावाशेजारी जागाच सोडलेली नव्हती. मार्तंडरावांनी ब्लेडनं शेजारचा मजकूर खरवडला, फुंकर मारली, आणि कागद फाटणार नाही अशा बेतानं, बारीक अक्षरात नाव लिहिलं.